पेनिसिलिनची एमआयसी स्ट्रिप : वापरून बघितली, कामाची आहे
एमआयसी म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण. नमुन्यात न्युमोकोकस (न्यूमोनिया करणारा जंतू) निघाला की आधी आम्ही नुसती ऑक्सासिलिनची (पेनिसिलिनच्याच गटातलं औषध) १ मायक्रोग्रॅमची डिस्क, म्हणजे औषध लावलेली कागदी चकती, लावायचो, झोन (चकतीभोवती जंतू न वाढलेली जागा) २० मिमी किंवा जास्त आला की पेनिसिलिन चालतंय, विषय संपला, पण १९ किंवा कमी आला की जंतू नक्की किती रेझिस्टंट, म्हणजे औषधाला किती दाद देत नाही, ते डिस्क काही सांगत नाही. ही स्ट्रिप थेट आकडा देते. परवा एका प्लेटवर ०.५ (मायक्रोग्रॅम प्रति मिली) आला, म्हणजे न्यूमोनियाला पेनिसिलिनचं इंजेक्शन चालेल पण मेनिंजायटिसला (मेंदूच्या आवरणाचा संसर्ग) अजिबात नाही, तिथे ०.०६ च्या वर गेलं की खेळ खल्लास! वैताग एकच, स्ट्रिपखाली बुडबुडा राहिला की प्लेट वाया, माझ्या दोन गेल्या. सिरोटाइप (जंतूचा उपप्रकार) मात्र हिच्यातून कळत नाही, ते १०० च्या वर आहेत, त्याला वेगळं किट लागतं.