लिब्रेऑफिस रायटर: दिसायला साधं, पण डोकं लावलेलं

रायटर म्हणजे वर्डसारखं, लिहायचं सॉफ्टवेअर. पहिल्यांदा उघडलं की वाटतं हे काय जुन्या काळातलं, वर मेन्यू आणि खाली बारीक आयकॉन्सची रांग. पण व्ह्यू मेन्यूत युजर इंटरफेस म्हणून ऑप्शन आहे तिथे जा, टॅब्ड निवडलं की मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००७ मध्ये आणलेल्या रिबनसारखं (वर टॅबमध्ये मांडलेल्या बटणांची पट्टी) दिसतं, नाही आवडलं तर साइडबारवालं घ्या. म्हणजे निवड आपल्यावर सोडलीये, हे मला जाम आवडतं, बाकीचे तर अपडेटच्या नावाखाली बटणं इकडची तिकडे करतात आणि आपण बसतो शोधत!

मला साइडबारच बरा वाटतो. हल्लीचे स्क्रीन आडवे, उंची आधीच कमी, त्यात वर जाड पट्टी कशाला? फॉन्ट, स्पेसिंग, स्टाइल्स सगळं उजवीकडे उघडंच राहतं.

सगळ्यात भारी म्हणजे ७.२ व्हर्जनमध्ये (२०२१) आलेला कमांड सर्च. शिफ्ट एस्केप दाबा, काय हवंय ते टाइप करा, मेन्यू खणायची गरजच नाही.

आता वैताग. टूल्समधलं ऑप्शन्स उघडलं की डावीकडे भलीमोठी यादी, कुठलं सेटिंग कुठे असेल याचा अंदाजच लागत नाही. आणि पान नंबर मधूनच १ पासून सुरू करायचा तर तो पेज ब्रेकच्या डायलॉगमध्ये, पेज स्टाइल निवडल्यावर! नवीन माणूस तिथे कसा पोचणार देव जाणे.

पाचपैकी चार.