एनडीए मेडिकलमध्ये ‘डोळे पास करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा: आमचा अनुभव

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. घरची तासगाव भागात द्राक्षबाग आहे. मुलाला एनडीएच्या (सैन्यात अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) मेडिकलमध्ये पास करून देतो असं सांगून आमच्याकडून दोन टप्प्यांत १,८८,००० रुपये घेतले गेले. पैसे गेले ते गेलेच, पण पोराची दोन वर्षं गेली. ज्यांच्या घरात वैमानिक व्हायचं म्हणणारं मूल आहे, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं.

आमच्या मुलाला आठवीपासून हवाई दलाचं वेड. धावपट्टीच्या कडेला चार दिवे असतात, चारही पांढरे दिसले तर विमान फार उंच आहे, चारही लाल दिसले तर फार खाली, दोन-दोन दिसले तर बरोबर, हे त्याने मला जेवताना ताटाभोवती वाट्या मांडून समजावलं होतं. विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा आणि उजव्या टोकाला हिरवा, हेही मला त्याच्याकडूनच कळलं. हे सगळं त्याला पाठ होतं. ते रंग त्याला दिसतात का, हे मात्र आम्ही कुणीच विचारलं नाही.

दहावीनंतर त्याला एका खासगी अकॅडमीत घातलं. प्रवेशाच्या वेळी त्यांनी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचून घेतला, दोन्ही डोळे ६/६ लिहिले आणि फी घेतली. बारावीच्या सुरुवातीला त्यांनी ‘मॉक मेडिकल’ घेतलं, तेव्हा पहिल्यांदा कळलं की रंग तपासायच्या ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे त्याला वाचता येत नाहीत. संचालकांनी आम्हाला बोलावून घेतलं. चेहऱ्यावर काळजी अजिबात नव्हती. “ताई, घाबरू नका. डोळ्याचाही व्यायाम असतो. आमची कलर व्हिजनची स्पेशल बॅच आहे, तीन महिन्यांत पोरं क्लिअर होतात.” फी ३८,०००. आम्ही भरली.

त्या बॅचमध्ये काय चालायचं ते आता सविस्तर सांगते, कारण हेच अजून ठिकठिकाणी विकलं जातंय. लाल आणि हिरव्या जिलेटिन कागदाचे चष्मे लावून बॅटरीकडे बघायचं. लेबल नसलेल्या बाटलीतले थेंब रात्री डोळ्यांत घालायचे. आणि मुख्य अभ्यास म्हणजे त्याच ठिपक्यांच्या, म्हणजे इशिहाराच्या पुस्तकाची रंगीत झेरॉक्स. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ मध्ये पहिल्यांदा छापलेली ही चाचणी. मोठ्या संचात ३८ पानं असतात. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांनाच दिसतो. पुढे खरी परीक्षा: ज्याला लाल-हिरवा नीट कळतो त्याला ७४ दिसतात, ज्याला कळत नाही त्याला त्याच पानावर २१ दिसतात. २९ च्या जागी ७०, ५७ च्या जागी ३५. काही पानं तर अशी की नीट नजरेच्या माणसाला तिथे काहीच दिसत नाही आणि रंगदोष असणाऱ्यालाच ५ किंवा ४५ दिसतात.

अकॅडमीतले सर शिकवायचे की स्वतःला काय दिसतं ते विसरा. पान ओळखा आणि ठरलेलं उत्तर द्या. ४५ दिसले की ‘काही नाही’ म्हणा. रोज संध्याकाळी हा घरी पाढे म्हणावेत तसा म्हणायचा: “चौथं पान एकोणतीस, पाचवं सत्तावन्न, सहावं पाच, सातवं तीन...” मी पोळ्या लाटत ऐकायचे. दर शनिवारी अकॅडमीचा प्रगती अहवाल यायचा. आधी ४० टक्के, मग ६५, मग ९२. मी शिक्षिका. आकडे वाढताना दिसले की मूल शिकतंय असं आम्हाला वाटतं. त्याची नजर जिथल्या तिथेच होती, वाढलं होतं ते पाठांतर.

लेखी परीक्षा तो स्वतःच्या बुद्धीवर पास झाला. मैसूरच्या एअर फोर्स सिलेक्शन बोर्डाचं पत्र आलं आणि त्याच आठवड्यात अकॅडमीतूनच एका माणसाचा नंबर मिळाला. पन्नाशीचा, बोलायला मृदू, सैन्याच्या वैद्यकीय विभागातून निवृत्त झालोय म्हणायचा. त्याने घरी येऊन चहा घेतला, देवघरासमोर हात जोडले. म्हणाला, “ताई, बेंगळुरूला आपली माणसं आहेत. तीन लाखांचं काम आहे, निम्मे आधी, निम्मे निकालानंतर. काम झालं नाही तर आधीचे परत.” मी पाटल्या तारण ठेवून १,५०,००० रोख दिले. पावती मागितली तेव्हा त्याने हसून ह्यांच्याकडे बघितलं, आणि मीच ओशाळले. हे चूक आहे हे मला त्या वेळीही कळत होतं. वर्गात रोज खरं बोला म्हणणारी मी, आणि मी हे केलं. लपवण्यात अर्थ नाही, कारण नेमक्या या लाजेवरच त्या माणसाचा सगळा धंदा उभा आहे.

मैसूरला पोराने पाचही दिवस काढले. वैमानिकांसाठीची संगणकावरची चाचणी, जी आयुष्यात एकदाच देता येते, तीही पास झाला. मुलाखतीत पास झाला. फोनवर रडत होता. तिथून मेडिकलसाठी बेंगळुरूला.

तिथे पुस्तक पहिल्या पानापासून उघडलंच नाही. डॉक्टरांनी मधलंच कुठलं तरी पान काढलं, मग मागचं, मग पुन्हा मधलं. याने एका पानावर बोट पोचायच्या आत “चौऱ्याहत्तर” म्हटलं, आणि ते पान ७४ चं नव्हतंच. तरी फैसला त्या पुस्तकावर होत नाही. वैमानिकासाठी रंगदृष्टीचं सर्वांत वरचं मानक, सीपी-१, लागतं. ते मार्टिन लँटर्नवर तपासतात. अंधारी खोली, सहा मीटरवर एक दिवा, त्यात टाचणीच्या डोक्याएवढे दोन प्रकाशबिंदू शेजारी शेजारी. लाल, हिरवा, पांढरा यांपैकी कुठलीही जोडी, कुठल्याही क्रमाने. दोन्ही रंग सांगायचे. इथे पान नाही, खूण नाही, पाठ करण्यासारखं काहीच नाही. “आई, मला दोन ठिपके दिसत होते. मी नुसते अंदाज मारत होतो,” असं तो नंतर म्हणाला. हिरव्याला त्याने तीन वेळा पांढरा म्हटलं. तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी दिवा बंद केला, खोलीतला लाइट लावला आणि विचारलं, “बेटा, हे तुला आधीपासून माहीत होतं ना?” त्याला उत्तर देता आलं नाही.

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने तो मिरजेला उतरला तेव्हा मी स्टेशनवर होते. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

त्याच संध्याकाळी त्या माणसाचा फोन. अपील मेडिकल बोर्ड आहे, तिथे आणखी दोन लाख दिले की होईल. अपील ही खरी, कायदेशीर सोय आहे, तिचा अर्ज कसा करायचा ते नापास ठरवताना तिथेच सांगतात, त्यासाठी मध्ये कुणी माणूस लागत नाही. पण आम्हाला तेव्हा काही सुचत नव्हतं. ह्यांनी तर सोसायटीचं कर्ज काढायची तयारी केली होती. माझ्या एका सहकारी बाईंनी हट्ट धरला म्हणून आधी मिरजेला सरकारी रुग्णालयात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर बाईंनी त्याला तपासलं आणि मला विचारलं, “याच्या मामांना आहे का असं?”

माझा भाऊ लहानपणी पिकलेली आणि कच्ची बोरं एकत्र घेऊन यायचा. आम्ही त्याला वेंधळा म्हणायचो. लाल मिरच्यांच्या वाळवणातून हिरव्या वेचायला बसवलं की आमच्या आईचा मार खायचा. डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे दोन रेघा काढून दाखवलं. हा दोष बहुतेक वेळा एक्स गुणसूत्रावरून येतो. मुलाला ते गुणसूत्र आईकडूनच मिळतं. आईकडे दोन असतात, एक बिघडलेलं असलं तरी दुसरं सांभाळून घेतं, म्हणून आईला काही जाणवत नाही. मुलाकडे एकच. डोळ्याच्या पडद्यावरच्या ज्या पेशी रंग ओळखतात, त्यांतल्या एका प्रकारात जन्मापासूनच फरक असतो. थेंब, व्यायाम, चष्मा, बॅटरी, कशानेही तो बदलत नाही. एवढं सांगायला त्यांना दहा मिनिटं लागली.

घरी आल्यावर त्याच्या बालवाडीतल्या चित्रांची वही काढली. झाडाचा बुंधा हिरवा, पानं तपकिरी. खाली माझ्याच अक्षरात लाल शाईने लिहिलंय, ‘लक्ष देऊन रंगव’. ती वही मी बराच वेळ हातात धरून बसले.

त्याच्याबरोबर खोलीत राहणाऱ्या एका मुलाचं तर याहून वाईट झालं. त्याला लांबचा नंबर होता. हवाई दलाच्या वैमानिकाला मायोपिया, म्हणजे लांबचं अंधुक दिसणं, चालत नाही. त्याला अठराव्या वर्षी लेसर करायला लावलं, ‘कुणाला कळत नाही’ म्हणून. अशी शस्त्रक्रिया मुळात वीस वर्षांआधी केलेली चालतच नाही, आणि एनडीएच्या मुलांचं तर वयच त्याच्या आतलं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जाडी आणि आकार यंत्रावर मोजला की शस्त्रक्रिया झाल्याचं दिसतं. तो मुलगाही परत आला, आणि त्याचे डोळे आता पूर्वीसारखे करता येणार नाहीत.

हे सगळे नियम कुणाच्या खिशात लपवलेले नाहीत. यूपीएससीच्या एनडीए अधिसूचनेच्या परिशिष्टात छापलेले असतात, अर्ज करण्याआधी स्वतःची तपासणी करून घ्या असा सल्लाही तिथेच असतो. रंगदृष्टीचं मानक सगळ्या शाखांना एकच नाही, हेही तिथेच कळतं. आमच्या मुलाला दोन वर्षं आधी कळलं असतं तर त्याने पसंतीक्रम वेगळा भरला असता. अकॅडमीने ती पानं आम्हाला कधीच वाचू दिली नाहीत, आणि आम्हीही मागितली नाहीत.

त्या माणसाचा हिशेब आता मला समजलाय. दहा घरांतून पैसे घ्यायचे आणि काहीच करायचं नाही. जी पोरं स्वतःच्या डोळ्यांवर पास होतात, त्यांचे पूर्ण पैसे ठेवायचे. नापास झालेल्यांपैकी जो फार आरडाओरडा करील त्याचे परत करायचे, म्हणजे ‘माणूस शब्दाचा पक्का’ असं नाव होतं. बाकीचे गप्प बसतात. मी पैसे मागितले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, लाच देणारापण आत जातो, माहीत आहे ना? नोकरी आहे तुमची.” भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे, हे खरंच आहे. मी वकिलांना सगळं जसं घडलं तसं सांगितलं. ते म्हणाले, याचा खरोखर कुठल्या अधिकाऱ्याशी संबंध होता असं काहीच दिसत नाही, खोटं सांगून पैसे काढले ही सरळ फसवणूक आहे, अर्ज द्या. परिणाम काय होतील तेही त्यांनी सांगितलं. तरी मी दिला.

मधल्या काळात माझ्या बहिणीला फोन केला. तिचा मुलगा सातवीत आहे, त्यालाही विमानंच आवडतात. तिघांनी मिळून त्याला मिरजेला नेलं. डॉक्टरांनी ७४ चं पान समोर धरलं. तो ताठ बसून, मोठ्याने, शाळेत उत्तर द्यावं तसं “एकवीस” म्हणाला. बहीण रडली. माझा मुलगा मात्र त्याच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसला आणि म्हणाला, “मलापण एकवीसच दिसतात.” बंगळुरूहून आल्यापासून डोळ्यांबद्दल तो पहिल्यांदाच काही बोलला.

पोलिसांत अर्ज देऊन सात आठवडे झाले. अकॅडमीच्या ३८,००० ची पावती, ते प्रगती अहवाल आणि त्या माणसाच्या फोनच्या नोंदी जोडल्या आहेत. रोख दिलेल्या दीड लाखाचा कागद नाही, फक्त पाटल्यांच्या तारणाची तारीख आहे. त्याच बॅचमधल्या आणखी दोन पालकांनी परवा जबाब दिला.