कोरड्या लेनवर स्टॉर्मचा ट्रॉपिकल सर्ज

मॉलमधल्या बॉलिंगच्या लेनवर ऑइल मारतात ते फक्त उद्घाटनाला, असं आमच्या गटातले एक काका म्हणतात. अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. ठाण्यात मी जिथे खेळते (नाव घेत नाही, परत तिथेच जायचंय) तिथे शनिवारी दुपारभर पोरांच्या वाढदिवसाच्या पार्ट्या चालतात आणि संध्याकाळी आमचा नंबर लागेपर्यंत लेन कोरडीठाक पडलेली असते. स्टॉर्म कंपनीचा ट्रॉपिकल सर्ज हा बॉल मी अशा लेनसाठीच घेतला, आणि इथे जे लिहितेय तेही अशाच लेनवरचं.

कायम हाऊस बॉलने, म्हणजे तिथेच ठेवलेल्या बॉलने खेळणाऱ्यांसाठी थोडं आधी सांगते. फाउल लाइनपासून (बॉल टाकताना जी ओलांडायची नाही ती रेष) पहिल्या पिनपर्यंत ६० फूट अंतर. नीट राखलेल्या लेनवर त्यातल्या पहिल्या साधारण ४० फुटांत तेल असतं, मधे जास्त आणि कडेला कमी. बॉल तेलावरून घसरत जातो, पुढे कोरडा भाग लागला की पकड घेऊन वळतो आणि लोळत पिनांमध्ये शिरतो. तेलच नसेल तर पावडर न टाकलेल्या कॅरमसारखी गत होते. बॉल हातातून सुटला की लगेच पकड घेतो, वळायचं तेवढं अर्ध्या वाटेतच वळून घेतो आणि पिनांपाशी पोचेपर्यंत त्यातला जोर गेलेला असतो. उजव्या हाताने खेळणाऱ्यांची मग दहा नंबरची, म्हणजे मागच्या रांगेतली उजव्या टोकाची पिन उभीच्या उभी. नाहीतर बॉल पहिल्या पिनेच्या पलीकडे, दोन नंबरच्या बाजूला जाऊन आदळतो.

माझा जुना बॉल भरपूर तेलासाठी बनवलेला, मॅट पृष्ठभागाचा. तो घेऊन मी डावीकडे सरकत सरकत शेजारच्या लेनवाल्यांच्या अंगावर जायची, तरी ऐकायचा नाही.

ट्रॉपिकल सर्ज हा स्टॉर्मचा स्वस्तातला रिअ‍ॅक्टिव्ह बॉल, म्हणजे कोरड्या भागावर पकड घेऊन वळणाऱ्या आवरणाचा. माझा १४ पौंडांचा, म्हणजे सव्वासहा किलोच्या थोडा वर, आणि पॉलिश केलेला. त्याचं काम मुळात कमी वळण्याचं, आणि कोरड्या लेनवर नेमकं तेच हवं असतं. नेहमीच्या जागी उभं राहून लेनवर काढलेल्या दुसऱ्या बाणावरून, म्हणजे कडेपासून दहाव्या बोर्डावरून (लेनची उभी पट्टी) टाकला की तो बराच वेळ सरळ धावतो आणि शेवटच्या टप्प्यात वळतो. वळण फार मोठं नाही. पण एक आणि तीन नंबरच्या पिनांमध्ये शिरताना जोर शिल्लक असतो, ते आवाजावरून कळतं. माझ्या दहा नंबरच्या पिना नक्की कमी राहायला लागल्यात.

तासाभराने लेन आणखी सुकली की हाही लवकर वळू लागतो. मग पाय दोन बोर्ड डावीकडे, नजर एक बोर्ड डावीकडे, एवढ्यावर बराच वेळ निघतो. त्याच्याही पुढे सरळ प्लास्टिकचा बॉल काढावा. माझ्याकडे कोलंबिया ३०० चा व्हाइट डॉट आहे, स्पेअरसाठी, म्हणजे उरलेल्या पिना दुसऱ्या फेकीत पाडायला तसाही तो लागतोच.

कोरडी लेन म्हटलं की सगळे युरेथेनच्या आवरणाचा बॉल सुचवतात. मला नाही पटत. काकांचा युरेथेन बॉल मी मागून घेऊन टाकून पाहिला. वळण गुळगुळीत, अंदाज बांधायला सोपा, सगळं मान्य. पण आमच्याकडच्या लेनवर तो वळायला फार लवकर सुरुवात करतो आणि पिनांवर मऊ पडतो. काकांच्या हातात वेग आहे, त्यांचं भागतं. माझ्या वेगाला सर्जच बरा.

तक्रार एकच, आणि ती बॉलपेक्षा लेनची जास्त. कोरड्या लेनवर घासून घासून पॉलिश उतरतं. चमक गेली की बॉल पुन्हा लवकर पकड घेऊ लागतो, आणि मग पॉलिश करून घ्यावं लागतं. खेळ संपल्यावर मी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून ठेवते. उलट ताजं, भरपूर ऑइल असलेल्या लेनवर याला नेऊच नका, वळायचं नावच घेत नाही.

स्टॉर्मवाले बॉलना सुगंध देतात. ऐरोलीहून ठाण्याच्या लोकलमध्ये बॅग मांडीवर घेऊन बसले होते, तर शेजारच्या बाईंनी विचारलं, "ताई, मिठाई आहे का?" मॉलच्या गेटवर स्कॅनरमध्ये तीन भोकांचा गोळा दिसला की चौकशी होते ती वेगळीच.

बॉल भोकं न पाडलेलाच घ्या आणि हाताचं माप देऊन ड्रिलिंग करून घ्या. अंगठ्याचं भोक किंचित सैल ठेवायला सांगा आणि आत टेप लावा. पावसाळ्यात दमट हवेतून चालत आलं की अंगठा फुगलेला असतो, एसीत अर्धा तास खेळलं की आकसतो. टेपची एक पट्टी काढली किंवा लावली की काम होतं.