‘रॅक गेली’ म्हणाला आणि माझे १४,२४९ रुपये घेऊन गेला

ॲपवरून बोलावलेल्या मेकॅनिकचे ४९९ घरी येऊन बघण्याचे, ५,००० ‘सील किट’साठी (ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्यांसाठी) आगाऊ, ९५० ऑइलचे आणि ७,८०० गाडी परत देताना. एकूण १४,२४९. आणि गळत काय होतं? पॉवर स्टीअरिंगच्या टाकीला जोडलेला वीतभर लांबीचा रिटर्न पाइप. तो नंतर मी घरीच बदलला. पाइप आणि दोन क्लिपा मिळून ३४० रुपये.

हे लिहायला लाज वाटते. पण त्या माणसाला ॲपवर अजूनही साडेचार तारे दिसताहेत आणि तो अजूनही लोकांच्या पार्किंगमध्ये जाऊन गाडीखाली शिरतोय, म्हणून लिहितोय.

गाडी जुनी, हायड्रॉलिक स्टीअरिंगची. (हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक स्टीअरिंग असतं, त्यात ऑइल नसतंच. तुमची तशी असेल आणि कोणी ‘स्टीअरिंग ऑइल बदलून देतो’ म्हणाला तर त्याला दारातूनच वाटेला लावा.) खाली डाग पडत होते, टाकीतली पातळी ‘मिनिमम’च्या खाली गेली होती, वळवताना पंप कण्हत होता. हे काम मला नवीन नव्हतं. सगळं पुसून घ्यायचं, टाल्कम पावडर मारायची, खाली पुठ्ठा टाकायचा आणि ओल कुठून सुरू होते ते बघायचं, एवढं मला कळतं. फक्त पंपाकडून रॅककडे (स्टीअरिंग फिरवलं की चाकं वळवणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या पाइपात प्रचंड दाब असतो. त्याला हात लावण्याआधी जाणकाराने एकदा बघावं, एवढाच हेतू होता. यात मूर्खपणा कुठे होता ते मला सांगा.

तो गाडीखाली गेला आणि म्हणाला, “साहेब, एखादं फडकं आणि साबणाचं पाणी मिळेल का?” मी वर जाऊन येईपर्यंत रॅकच्या टोकाचा रबरी बूट, म्हणजे तिथलं आवरण, टपकत होता. “रॅक गेली, साहेब. दोन्हीकडची सीलं फुटलीत. अशीच चालवलीत तर वळणावर स्टीअरिंग जाम होईल.”

थेंब लालचुटुक होता. माझ्या टाकीतलं ऑइल मात्र कित्येक वर्षं न बदललेलं, चहाच्या चोथ्यासारखं काळपट. सकाळीच पट्टी बुडवून बघितलं होतं, बोट अजून काळं होतं. टाकीत, पंपात आणि रॅकमध्ये एकच ऑइल फिरतं, मग टाकीत काळं आणि रॅकमध्ये लाल कसं असेल? ते त्यानेच बाहेरून ओतलं होतं. शिवाय सील गेलं की बूट आतून भरतो आणि ऑइल क्लिपेपाशी पाझरतं. हा बूट वरून न्हायला होता आणि दाबून बघितला तर आत काहीच डुचमळत नव्हतं. दाबला मीच. तेव्हाच त्याला हाकलायला हवं होतं! पण उजेड गेलेला, त्याच्या मोबाइलचा टॉर्च माझ्या डोळ्यांत आणि ‘वळणावर जाम’ ऐकल्यावर डोळ्यांपुढे मागच्या सीटवरची मुलं. तेही खोटंच. ऑइल संपलं तर स्टीअरिंग जड होतं आणि पंप खराब होतो. चाकांशी असलेली दांड्यांची जोडणी सुटत नाही. अशा वेळी हे कोणाला आठवतं?

गाडी ‘लेथवाल्याकडे’ गेली आणि दुसऱ्या संध्याकाळी परत आली. रॅक काळ्या रंगाने चमकत होती. ७,८०० दारातच यूपीआयने घेतले. “पावती ॲपवर येईल.” आली, ४९९ ची. जुनी सीलं हातात पडल्याशिवाय कोणालाही उरलेले पैसे देऊ नका.

डाग पुन्हा पडायला लागले तेव्हा म्हणाला, “नवीन सील बसायला वेळ लागतो.” त्यानंतर माझा नंबर ब्लॉक. मग मीच खाली शिरलो. रॅक काढायची तर टाय रॉड (रॅक आणि चाकं जोडणाऱ्या दांड्या) चाकाकडून सोडवावे लागतात. त्यांच्या नटांवर आणि पिनांवर जुना गंज जसाच्या तसा, पान्याचा ओरखडासुद्धा नाही. रॅकच्या बोल्टांवर चिखल आणि त्या चिखलावरच रंग! डिकीत स्टेपनीखाली ‘स्टॉप लीक’ची ३५० मिलीची रिकामी बाटली. हे औषध रबरी सीलं फुगवून गळती काही काळ दाबतं. चिरलेल्या पाइपाला त्याचा काय उपयोग? रॅक खोलली असं कोणी सांगितलं तर आधी ते नट बघा आणि व्हील अलाइनमेंटची पावती मागा.

खरी चीर टाकीजवळच्या क्लिपेखाली होती. ऑइल तिथून ओघळत खालच्या बीमवरून रॅकपर्यंत येत होतं. सिरिंजने टाकी रिकामी केली, पाइप बदलला. पाइप ऑइलसाठीचाच घ्या, रेडिएटरचा चालत नाही. ऑइल टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घाला, ब्रेक ऑइल चुकूनही नको. पुढची चाकं स्टँडवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवायचं आणि बुडबुडे थांबेपर्यंत टाकी भरत राहायचं. बस्स, झालं काम.

आता दाद मागण्याची कथा. ॲपवाले म्हणाले, तो ‘स्वतंत्र भागीदार’ आहे, ४९९ च्या वरचा व्यवहार आमचा नाही. तक्रार ‘निवारण झाले’ म्हणून बंद, आणि भरपाई म्हणून पुढच्या ‘स्टीअरिंग चेकअप’वर २०० रुपयांचं कूपन. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. चौकीत तर मलाच उलटतपासणी. “गाडी तुम्हीच दिलीत ना? पैसेही तुम्हीच दिलेत? मग हा दिवाणी वाद.” म्हटलं, ही सरळ फसवणूक आहे, पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८. त्यावर, “कलमं आम्हाला शिकवू नका.” अर्ज ठेवून घेतला, पोच द्यायला मात्र शिक्का सापडेना. साहेब बंदोबस्ताला, शिपाई जेवायला, शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली साहेबांकडे. न केलेल्या कामाचे पैसे घेणारा मोकळा आणि चौकीत ताटकळणारा मी! पोच मिळत नसेल तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, मी तेच केलं.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत २ वर्षं. मी केली आहे. गंजलेल्या नटांचे फोटो, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि ती बाटली जोडली आहे. ॲपलाही पक्षकार केलं आहे, कारण तो माणूस माझ्या दारात त्यांनीच पाठवला होता. कोणाकडे त्याच्या ‘रॅक’चे असेच फोटो असतील तर पाठवा, तेही जोडतो.