टू-पीस कोलोस्टॉमी बॅग: आधी प्लेट पारखा

पोटाला चिकटणारी प्लेट वेगळी आणि तिच्या कड्यावर बसणारी बॅग वेगळी, ही टू-पीसची रचना. नव्या स्टोमासाठी (शौच बाहेर पडावं म्हणून ऑपरेशनने पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) वन-पीसपेक्षा, म्हणजे प्लेट आणि बॅग जोडलेल्या प्रकारापेक्षा, आम्ही हीच सुचवू. बॅग हवी तेव्हा काढता येते आणि प्लेट जागेवर राहते, त्यामुळे कातडी दर वेळी ओढली जात नाही.

खरी गोम प्लेटमध्ये स्टोमासाठी भोक कापण्यात आहे. ऑपरेशननंतर ६ ते ८ आठवडे स्टोमाची सूज उतरत असते, म्हणून त्या काळात दर आठवड्याला मापपट्टी लावा. भोक स्टोमापेक्षा २-३ मिमी मोठं असावं, त्याहून जास्त नको. जास्त झालं की उघड्या कातडीला शौच लागतं, ती लाल होऊन पाझरते, ओल्या कातडीवर प्लेट धरत नाही आणि गळती वाढते. अशा वेळी लोक कंपनी बदलतात. आधी माप पुन्हा घेऊन बघा!

कातडी कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करा. तेल किंवा क्रीम अजिबात नको. प्लेट तळहातांत धरून गरम करा आणि लावल्यावर मिनिटभर हात दाबून ठेवा, कारण ती उबेने चिकटते. पुसताना स्टोमातून थेंबभर रक्त आलं तर घाबरू नका. स्टोमा काळा-जांभळा दिसला तर मात्र लगेच हॉस्पिटल गाठा.

बॅग खालून वर दाबत बसवा आणि हलकेच ओढून खात्री करा. एक तृतीयांश भरली की रिकामी करा, नाहीतर वजनाने प्लेट सुटते. प्लेट साधारण ३-४ दिवस टिकते. घाम फार येत असेल तर लवकर बदला.

पेस्ट हा गोंद नव्हे, ती कातडीतल्या खळग्यांसाठी असते. बऱ्याच पेस्टमध्ये अल्कोहोल असल्याने सोललेल्या कातडीची आग होते. तिथे स्टोमाभोवती बसवायची, अल्कोहोल नसलेली मऊ रिंग बरी.

उणिवाही आहेत. कडं पातळ कपड्यांतून उठून दिसतं आणि खर्च जास्त येतो. शिवाय एका कंपनीची बॅग सहसा दुसरीच्या प्लेटवर बसत नाही, म्हणून दुकानात जाताना प्लेटच्या खोक्यावरचा कोड सोबत न्या. बॅगेतला वायू बाहेर सोडणारा फिल्टर भिजला की वायू अडकून बॅग फुगते. आंघोळीपूर्वी त्यावर पाकिटातला स्टिकर लावा.

स्टोमा कातडीच्या पातळीला किंवा आत गेलेला असेल, तर सपाट प्लेट घेऊ नका. तिथे बहिर्वक्र (कातडीच्या बाजूला फुगीर) प्लेट लागते, आणि ती स्टोमा नर्सला दाखवूनच निवडावी. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे.