पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज बघायला जाताय? आवार, टेकडी आणि वन-वे

पहिल्यांदा येणारे बहुतेक जण आवारात शिरण्याआधीच वैतागतात, कारण वन-वे. फर्ग्युसन रस्त्याची वाहतूक गुडलक चौकातून ज्ञानेश्वर पादुका चौकाकडे जाते आणि जंगली महाराज रस्त्याची बरोबर उलट, डेक्कनकडे. त्यामुळे शिवाजीनगर स्टेशनहून निघालेली रिक्षा सहसा जे. एम. (जंगली महाराज) रस्त्यावरून आधी डेक्कनला उतरते आणि गुडलकला वळून पुन्हा मागे येते. रिक्षावाला फसवत नसतो.

मेट्रो त्यापेक्षा बरी. पुणे स्टेशनवरून वनाझची गाडी थेट डेक्कन जिमखान्याला सोडते. स्वारगेटहून येणाऱ्यांनी जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची. डेक्कनचं स्थानक नदीकाठी आहे, तिथून फाटकापर्यंत पायी पंधरा-वीस मिनिटं धरा. शनिवार-रविवारी संध्याकाळी आणखी दहा, कारण फुटपाथवर कपडे-चपला बघणाऱ्यांची झुंबड असते. गाडी घेऊन तर त्या वेळी येऊच नका.

आत मात्र आवाज झपकन कमी होतो. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं हे कॉलेज १८८५ सालचं. आगरकर इथे प्राचार्य होते. मुख्य इमारतीपाशी फोटो काढून परत फिरू नका. वाडिया ग्रंथालय, मोठं मैदान, 'किमया' हे खुलं नाट्यगृह असं करत मागे जा. वसतिगृहातली सतरा नंबरची खोली सावरकरांची. ती एरवी बंद असते, जयंती-पुण्यतिथीला दर्शनासाठी उघडतात.

आवाराची खरी श्रीमंती म्हणजे मागची टेकडी. एवढी हिरवी पाठ शहरात फार कॉलेजांना नाही. चढ सोपा आहे, पण पावसाळ्यात वरचा मुरूम वाहून खालचा काळा दगड उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ धरतं. चपला घालून गेलात की घसरलात, तेही चढताना नाही, उतरताना. मार्च ते मे सकाळी आठच्या आत उतरून या, वर सावली कमी आहे. पलीकडे सेनापती बापट रस्ता.

अर्थशास्त्रवाल्यांना गोखले इन्स्टिट्यूट (१९३०) आणि संस्कृत-प्राच्यविद्येच्या मंडळींना भांडारकर संस्था (१९१७) पायी गाठता येते. नुसत्या शेजारासाठीही हे कॉलेज निवडावं, असं आमचं मत.

इथे शिकायला येणाऱ्यांसाठी राहण्याची सोय हा कच्चा दुवा. वसतिगृहात सगळ्यांना जागा मिळत नाही, मग मॉडेल कॉलनी, शिवाजीनगर, डेक्कन भागात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घ्यायला, शोध सुरू होतो. निकालानंतर शोधलं तर उरलेलंच मिळतं. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. डिपॉझिट किती आणि कधी परत, मध्येच सोडलं तर किती कापणार, हे कागदावर लिहून घ्या. पाण्याची वेळ विचारा. आणि मेसवाल्याला सुट्टी कधी ते विचारा, कारण बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात आणि नेमकी तेव्हाच फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशाली-रूपाली हॉटेलांसमोर नाव देऊन ताटकळावं लागतं.