सहा इंची डॉब्सोनियन : पावसाळा उलटल्यावर, नाशिकच्या गच्चीवरून

डॉब्सोनियन म्हणजे साध्या बुडावर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण. सहा इंची आरसा, १२०० मिमी नाभीय अंतर, सोबत २५ आणि १० मिमीचे आयपीस (डोळ्याला लावायची भिंगं), म्हणजे ४८ पट आणि १२० पट. गंगापूर रोडवर दिव्यांचा झगमगाट इतका की तेजोमेघ वगैरे विसरा. त्यासाठी त्र्यंबकच्या पुढे जावं लागतं, आणि हे धूड दुचाकीवर जात नाही. चंद्राला मात्र शहराचा उजेड आड येत नाही. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

शुद्ध षष्ठीच्या आसपास १० मिमी लावा. उजेड-अंधाराच्या सीमेजवळ तीन विवरं ओळीने दिसतात : थिओफिलस, सिरिलस, कॅथरिना. तिन्ही साधारण शंभर किलोमीटर रुंदीची. थिओफिलसची कडा धारदार, मधली शिखरं उन्हात आलेली, आणि ती कडा सरळ सिरिलसच्या अंगावर चढलेली. म्हणजे सिरिलस आधीचं. कॅथरिना पार झिजलेली, आत आणखी एका विवराचं पुसट कडं. ती त्याहून जुनी. एवढ्यावरून क्रम लागतो, वय नाही. वय कळलं ते अपोलो चांद्रमोहिमांनी आणलेल्या दगडांवरून. १९६९ साली शांतिसागर या चंद्रावरच्या मैदानातून आलेला बेसाल्ट (लाव्हा थिजून झालेला दगड) साडेतीनशे कोटी वर्षांहून जुना निघाला. (आपल्या पांडवलेण्याचा दगडही बेसाल्टच, पण साडेसहा कोटींच्या घरातला.) जमीन जितकी जुनी तितकी तिच्यावर विवरं जास्त. दगडाचं वय आणि त्या जमिनीवरच्या विवरांची संख्या यांची सांगड बसली, आणि त्यावरून मंगळ-बुधाच्या जमिनींच्या वयाचाही अंदाज बांधता येऊ लागला. चंद्राच्या दक्षिणेला मात्र हा हिशेब अडतो : तिथे इतकी दाटी की नवं विवर पडताना जुनं पुसून टाकतं.

कोजागरीला सोसायटीतले सगळे दुर्बिणीपाशी येतात. नेमका तेव्हाच चंद्र सपाट दिसतो, सावल्याच नसतात. तेव्हा टायको या विवरापासून फाकलेले पांढरे पट्टे दाखवावेत. वाटेत येईल त्या विवरावरून, मैदानावरून ते गेलेत, कारण टायको जेमतेम अकरा कोटी वर्षांचं.

आता तक्रारी. बूड पार्टिकल बोर्डाचं. जुलैच्या ओलीत कडा फुगल्या आणि दुर्बीण आडवी फिरवताना अडकायला लागली. विक्रेत्याने ‘वॉरंटीत बसत नाही’ म्हणून हात झटकले. शेवटी सुताराकडून मरीन प्लायचं बूड करून घेतलं. फाइंडरचे (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीचे) स्क्रू ढिले पडतात. आरसे अधूनमधून जुळवावे लागतात, पण हात बसला की पाच मिनिटांचं काम. पावसाळ्यात झाकणाआड सिलिका जेल ठेवाच, नाहीतर आरशावर बुरशी धरते. मून फिल्टर वेगळा घ्यावा लागतो. नवमी-दशमीनंतर त्याशिवाय डोळे दिपतात.